परमुलखातली पत

नरसी मेहत्याची हुंडी आपण कीर्तनात ऐकली नाही, असा माणूस आपल्या खेड्यांत क्वचितच सापडेल. द्वारकेला निघालेले यात्रेकरू जुनागडात येतात. जवळ सातशे रुपये, पुढची वाट चोरांची. गावातल्या टवाळांनी सांगितले म्हणून ते नरसीच्या दारी जातात आणि म्हणतात, "रुपये घ्या आणि द्वारकेवर हुंडी लिहून द्या." घरात दाणा नाही, पेढी नाही, पण नरसी बसतो आणि सामळशेटाच्या नावाने हुंडी लिहून देतो. द्वारकेत ते बिचारे गल्लोगल्ली विचारत फिरतात. सामळशेट नावाचा सावकार कोणालाच ठाऊक नाही. शेवटी देव स्वतः पगडी बांधून, वही काखेत मारून येतो आणि पैसे मोजून देतो. महिपतीबुवांनी ही कथा 'भक्तविजया'त घेतली, आणि तिथून ती महाराष्ट्रभर गेली.

वाचकहो, भक्तीचा भाग बुवांकडे सोपवून आज आपण या कथेतल्या यात्रेकरूंकडे पाहू. कीर्तनकार त्यांना फार वेळ रंगात उभे करीत नाहीत. पण गोष्टीतला खरा घोर त्यांच्या जिवाला लागलेला आहे. परक्या गावी थोड्या दिवसांसाठी आलेला माणूस. तिथे त्याला ओळखणारे कोणी नाही. हातात एक कागद आहे, आणि त्या कागदावरचा धनी सापडत नाही. आज आपल्या गावचा एखादा मुलगा दोन-चार महिन्यांच्या कामासाठी परदेशी जातो, तिथल्या बँकेत खाते उघडू म्हणतो, आणि खिडकीमागचा कारकून विचारतो, "तुमचा इथला पत्ता काय? तुम्हांला ओळखते कोण?" दोघांची अडचण एकच आहे.

आता परमुलूख म्हणजे काय, हेही जरा पाहिले पाहिजे. सातासमुद्रापलीकडचा तोच परदेश, ही आपली हल्लीची समजूत. वाशीमच्या माणसाला पूर्वी परमुलखात जायला एक दिवस पुरे होई. पैनगंगा ओलांडली की झाले. त्या नदीकडे आपण पुढे येऊच.

आधी असे विचारा, की लोक पैसा बरोबर घेऊन का जात नसत? नेत असत, पण जिवावर उदार होऊन. आपल्या जिल्ह्यातलेच कारंजे घ्या. वऱ्हाडातली ही मोठी श्रीमंत पेठ. १६७० सालच्या अखेरीस मराठी फौज तिच्यावर चालून आली, तेव्हा सोने, चांदी आणि उंची कापड लादायला चार हजार बैल आणि गाढवे लागली असे इतिहासकार सांगतात. बरेच श्रीमंत धरले गेले, आणि जे निसटले ते बायकांचे कपडे घालून निसटले. ती स्वारी मोगलांच्या मुलखावरची होती आणि राजकारण म्हणून ती समजते. परंतु पेठेतल्या व्यापाऱ्याने त्यातून काय धडा घेतला असेल? एका जागी साठवलेला रोकडा पैसा हा पाहुण्याला धाडलेल्या आमंत्रणासारखा असतो, हाच.

वाटेवरच्या माणसाचे तर विचारूच नका. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तर हिंदुस्थानात गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. मिळवलेले धन वाटेत लुटले गेले. घरी पोहोचली ती मुख्यतः गंगेची कावड. त्यांचा 'माझा प्रवास' शिक्षकांनी मुलांना जरूर वाचायला द्यावा. लढाईच्या वर्णनासाठी तर द्यावाच, पण कमरेला बांधलेल्या पैशाची माणसाला किती धास्ती असते, ते कळण्यासाठीही द्यावा.

या धास्तीवरचा उपाय म्हणजे हुंडी. हिचे तंत्र एकदा नीट समजून घेतले की आजच्या बँकेचे अर्धे शास्त्र कळते.

समजा, वाशीमच्या एका गृहस्थाला काशीस जायचे आहे. वाशीम हे त्या काळी लहानसहान गाव नव्हते. १७६९ साली कनकापूरचा तह झाला, तेव्हा नागपूरकर जानोजी भोसल्यांनी थोरल्या माधवराव पेशव्यांना दरसाल वाशीम आणि बाळापूर इथले पाच हजारांचे कापड द्यावे असे ठरले होते. जिथले कापड तहाच्या कलमात लिहिले जाते, तिथे पेढ्या असायच्याच. तर आपला गृहस्थ ओळखीच्या पेढीवर जाई, शंभर रुपये मोजून देई, वर थोडी हुंडणावळ देई. पेढीवाला काशीतल्या आपल्या आडत्याच्या नावे कागद लिही. त्या कागदाची एक गंमत आहे. रुपये शंभर, असे लिहून तो थांबत नसे. निमे पन्नास, त्याची दुप्पट शंभर, असे उलटसुलट लिही. एका आकड्यावर शून्य वाढवणे सोपे असते, पण अक्षरी-आकडी, निमे-दुप्पट सगळे बदलायचे म्हणजे कागद फाटायचाच. आज आपण चेकवर रक्कम अक्षरी लिहितो, तोच हा शहाणपणा.

पाहताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. हुंडी वाटेत हरवली तर पहिल्या पेढीकडून पेंठ लिहून मिळे, म्हणजे दुसरी प्रत. तीही हरवली तर परपेंठ. पैसे दिले गेले की हुंडीचा खोखा होई, आणि तो पेढीवाला पावती म्हणून जपून ठेवी. एक जोखमी हुंडीही होती. ती मालावर काढीत. माल सुखरूप पोहोचला तरच पैसे द्यायचे, बुडाला तर हुंडीही बुडाली. विम्याची कंपनी आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी विम्याचे काम हा कागद करीत होता.

पण माझ्या मते या सगळ्यांत महत्त्वाचा शब्द आहे 'शाहाजोग'. शाहाजोग हुंडीचे पैसे कोणाही येणाऱ्याच्या हातात पडत नसत. ते शाहाच्या, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा सावकाराच्याच हाती द्यायचे. का, ते पाहा. काशीच्या आडत्याने आपल्या वाशीमकराला जन्मात पाहिलेले नाही. हा खरा धनी, की वाटेत खऱ्याला मारून कागद घेऊन आलेला ठग? आडत्या ते ठरवणार कसे? म्हणून तो म्हणतो, तुला ओळखणारा, बाजारातला एक प्रतिष्ठित माणूस मध्ये घाल. उद्या घोटाळा निघाला तर मी त्याला धरीन. म्हणजे हुंडी हातात असून पैसा हातात नाही. मध्ये ओळख हवी.

मग वाशीमच्या माणसाला काशीत ओळखणार कोण? इथे आपल्या मदतीला येतो तीर्थोपाध्याय, ज्याला आपण पंडा म्हणतो. काशी, प्रयाग, गया इथल्या पंड्यांच्या वह्या आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. तुमचे गाव, जात, कूळ सांगा. तो लांबलचक वही सोडतो आणि तुमच्या पणजोबाने कोणत्या साली, कोणाच्या अस्थी घेऊन येऊन इथे सही केली, ते काढून दाखवतो. आपण त्याकडे श्रद्धेने पाहतो, कधी थट्टेने पाहतो. मला तर ते ओळखपत्रांचे दप्तर वाटते. हजार कोसांवरच्या अनोळखी माणसाचा बाप कोण, आजा कोण, हे लेखी पुराव्याने सांगणारा माणूस तीर्थाच्या गावी बसलेला असे. अशा माणसाच्या शब्दाला बाजारात किंमत असणारच.

हे सांगताना जुन्याचे नुसते कौतुक करण्याचा माझा विचार नाही, बरं का. ज्याला पेढीवाला ओळखतो, ज्याचे कूळ वहीत आहे, त्याच्यासाठी ही व्यवस्था फार सुंदर होती. पण ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही, त्याचे काय? एकटी निघालेली विधवा, पोटासाठी देशोधडीला लागलेला मजूर, ज्याला देवळाच्या पायरीवरही उभे राहू देत नव्हते असा माणूस. यांना शाहा कुठून मिळणार? त्यांनी पैसा लुगड्याच्या गाठीत बांधला आणि देवावर हवाला ठेवला. नरसीच्या कथेवर लोक इतके लुब्ध का झाले, ते यावरून थोडे उमगते. ज्याला या जगात शाहा नाही, त्याचा शाहा देव होतो, असे ती कथा सांगते. रोजच्या बाजारात मात्र तसे घडत नसे.

असो. आता पैनगंगेकडे वळू.

हुंडी पटली तरी दुसरी कटकट उरतेच, ती नाण्याची. ज्या मुलखात जाऊ तिथले नाणे वेगळे. मराठेशाहीत तर टांकसाळ बदलली की रुपयाचे नाव आणि वजन बदले, आणि सराफ प्रत्येक बदलाला बट्टा कापून घेई. पुढे इंग्रजांचा कलदार रुपया सगळीकडे चालू लागला, तरी निजामाच्या राज्यात त्यांचा स्वतःचा रुपया चालूच राहिला. त्याला हाली शिक्का म्हणत. हाली म्हणजे हल्लीचा, चालू. वऱ्हाडचा कारभार निजामाने १८५३ सालच्या तहाने इंग्रजांकडे दिला, १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने गेला, आणि त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडली. वाशीम कलदारात व्यवहार करू लागले, आणि नदीपलीकडचे हिंगोली हालीत. भाषा तीच, सोयरीक तीच, जोंधळ्याची भाकरी तीच. रुपया मात्र निराळा.

सरकारी भाव असा होता: सहा कलदार म्हणजे सात हाली. शिक्षकांनी मुलांकडून हे गणित करून घ्यावे. शंभर कलदारांचे हाली किती? एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. आमचे आजोबा हे गणित तोंडी करीत, कारण त्यांची एक बहीण पलीकडे दिली होती. दिवाळीला तिला ओवाळणी घालायची ती कलदारात, आणि तिने भाच्यांच्या हातावर ठेवायचे ते हालीत. "बहिणीने सात दिले तरी मनात सहाच मोजायचे," असे ते हसून म्हणत. ही थट्टा आजीला कधी आवडली नाही.

नाण्याबरोबर जकातही होती. निजामाच्या जकातखात्याला करोडगिरी म्हणत. वाशीमहून हिंगोलीला जाताना नदीपाशी कन्हेरगाव लागते. त्याला आजही लोक कन्हेरगाव नाका म्हणतात. नाका शब्द गावाच्या नावाला चिकटून राहिला आहे, एस.टी.त बसून जाणाऱ्या मुलांना एकदा विचारा, की हा नाका कशाचा असेल. इतिहास पुस्तकाच्या बाहेर कुठे कुठे लिहिलेला असतो, त्याचा हा नमुना.

या दोन रुपयांचे साधे वाटणारे प्रकरण १९४७ साली एकदम गंभीर झाले. नोव्हेंबरात हिंदुस्थान सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, आणि त्याच्या पाठोपाठच हैदराबाद सरकारने आपल्या राज्यात हिंदी चलन चालू ठेवण्यास बंदी केली. एका हुकमाने कलदार रुपया पैनगंगेपलीकडे परका ठरला. दिल्लीने ज्या गोष्टी कराराचा भंग म्हणून दाखवल्या, त्यांत ही एक होती. आपल्याला ती कागदावरची कलमे वाटतात. पण ज्याचे बैल पलीकडच्या बाजारात विकायचे होते, किंवा ज्याची लेक पलीकडे बाळंत व्हायची होती, त्याच्या खिशातल्या पैशाला त्या दिवशी अर्थ उरला नाही.

त्याच लढ्यातली उमरी बँकेची हकिकत ऐकून पुष्कळांना ठाऊक असेल. १९४८ च्या ३० जानेवारीला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी नांदेडकडच्या उमरी इथली हैदराबाद स्टेट बँकेची शाखा फोडली आणि लाखो रुपये पैनगंगेअलीकडे उमरखेडच्या कॅम्पात आणले. ते पैसेही हालीच. म्हणजे लढ्यासाठी आणलेला पैसाही वऱ्हाडच्या दुकानात सरळ खर्चता येण्यासारखा नव्हता! पुढे सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाले, हाली रुपया १९५० नंतर काही वर्षे कलदाराच्या सोबतीने रेंगाळला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत चलनातून गेला. हैदराबाद स्टेट बँक १९५६ साली स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, आणि २०१७ साली भारतीय स्टेट बँकेत मिळाली.

आता जरा समुद्र ओलांडू. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली गादीवरून काढले, आणि त्यांची बाजू मांडायला वकील रंगो बापूजी विलायतेला गेले. थोड्या दिवसांचे काम म्हणून गेलेला हा माणूस १८५३ सालापर्यंत तिथे अडकून पडला. अर्ज, सभा, छापील पत्रके, घरभाडे, दुभाषे, सगळ्याला पैसा. महाराज काशीत नजरकैदेत होते, आणि १८४७ साली तिथेच वारले. काशीवर चालणारी हुंडी लंडनच्या बाजारात कोण सकारणार? तिथे इंग्रजी पेढ्यांची मध्यस्थी हवी, आणि भांडण तर कंपनीशीच. रंगो बापूजींना कर्जाने फार गांजले. त्यांच्या निष्ठेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पैशावाचून परमुलखात काढलेल्या त्या वर्षांविषयी आणखी लिहायला हवे, असे मला वाटते.

गोऱ्या लोकांनाही ही अडचण होतीच. लंडनच्या रॉबर्ट हेरीस नावाच्या सावकाराने १७७२ साली प्रवाशांसाठी छापील कागद काढले. ते युरोपातल्या नव्वद शहरांत वटत. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी अमेरिकन एक्सप्रेस कंपनीचे अध्यक्ष फार्गो युरोपच्या सफरीवर गेले. जवळ मोठमोठ्या बँकांची पतपत्रे. पण मोठी शहरे सोडताच त्या कागदांना कोणी विचारीना. स्वारी संतापून घरी परतली, आणि त्यांच्या कंपनीने १८९१ साली प्रवासी चेक काढला. त्यातली युक्ती साधी होती: विकत घेताना एक सही करायची, वटवताना समोर दुसरी करायची, दोन्ही जुळल्या की पैसे. म्हणजे शाहाच्या जागी माणसाची स्वतःची सही उभी राहिली. माणूसच आपली ओळख स्वतःबरोबर घेऊन फिरू लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्याकडे मात्र ओळखदेख फार काळ टिकली. बँकेत खाते उघडायचे तर आधीच्या खातेदाराची सही आणा, असा रिवाज होता. तो शाहाजोगाचाच वंशज. आमच्या भागातून पुण्या-मुंबईकडे मजुरीला गेलेल्या माणसाला या एका सहीने किती छळले असेल! तो तिथला खातेदार ओळखणार कुठून? कमाई मुकादमाकडे ठेवायची, नाहीतर गावी येणाऱ्याच्या हाती पाठवायची. रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना स्पष्ट बजावले, की खाते उघडताना दुसऱ्या खातेदाराची ओळख मागू नका, कागदपत्रे पाहा. कागदपत्रे जमवणे सोपे नसते, हे खरे. पण कागद कोणाची जात विचारीत नाही, आणि त्याचे उपकारही राहत नाहीत.

परदेशी खाते उघडायचे तर याहून वेगळी अडचण होती. १९४७ च्या परकीय चलन कायद्याने आणि त्याहून कडक अशा १९७३ च्या कायद्याने भारतीय माणसाला बाहेर पैसा नेणे जवळजवळ अशक्य केले होते. १९६० च्या दशकात परदेशी गेलेले लोक सांगतात, की खिशात तीन पौंड किंवा आठ डॉलर घेऊन उतरलो. १९९९ चा कायदा आला तेव्हा हे बंध सैल झाले. २००४ पासून इथल्या रहिवाशाला ठरावीक मर्यादेत पैसा बाहेर पाठवता येतो आणि तिकडच्या बँकेत खातेही उघडता येते. आरंभी ही मर्यादा पंचवीस हजार डॉलर होती, २०१५ पासून ती वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे इथल्या कायद्याची आडकाठी गेली. तिकडच्या खिडकीवरचा प्रश्न राहिलाच: पासपोर्ट ठीक, पण इथल्या घराचा पत्ता दाखवा. दोन महिन्यांच्या पाहुण्याने भाडेकरार आणायचा कुठून? म्हणून तो बहुधा इथलेच कार्ड घेऊन जातो आणि तिकडच्या भिंतीतल्या यंत्रातून पैसे काढतो. त्यावर जी कात्री लागते तिला तुम्ही फी म्हणा. आमचे आजोबा बट्टाच म्हणाले असते.

आणि उलट बाजूने? भारतीय वंशाचा नसलेला कोणी परदेशी गृहस्थ आपल्याकडे पाहुणा आला, कारंज्याचे जुने ग्रंथभांडार किंवा शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ पाहायला चार महिने राहिला, तर त्याला इथे खाते मिळते का? मिळते. काही देशांचे अपवाद सोडले, तर आपल्या बँका त्याला अनिवासी साधे खाते उघडून देतात. अट अशी, की पैसा त्याने बाहेरून बँकेमार्फत आणावा किंवा बरोबर आणलेले परकीय चलन इथे विकून भरावा. खाते सहा महिन्यांहून जास्त चालले नसेल आणि व्याजाखेरीज इथला पैसा त्यात आलेला नसेल, तर जाताना उरलेली रक्कम तो सरळ घेऊन जाऊ शकतो.

आजोबांच्या पेटीत एक हाली रुपया राहिला आहे, चारमिनार छापलेला. आत्याआजीने दिलेला असावा. इतिहासाच्या तासाला मी तो वर्गात फिरवतो. मुले तो हातावर तोलून पाहतात, आणि दरवर्षी कोणीतरी एक जण विचारतोच, की सर, हा आता कुठे चालेल? मागच्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने मी बोलण्याआधीच उत्तर दिले, "तो नका विचारू, याचे कलदार किती ते विचारा." तिचे आजोळ हिंगोलीचे निघाले.